छापील छायाचित्रांचा खप

फोटोग्राफीचा धंदा करणारे चारजण एकत्र जमले म्हणजे हल्लीं एक गाऱ्हाणें हटकून निघतें. लोक फोटो काढून घेतात, पण फोटो घेत नाहींत! वाक्य चमत्कारिक वाटेल. परंतु धंद्यांतल्या माणसास त्याचा अर्थ तत्काळ उमगतो. लग्न होतें, बारसें होतें, कोणाची एकसष्टी होते, छायाचित्रकार दिवसभर राबून दोन-तीन हजार चित्रें टिपतो, आणि समारंभ आटोपल्यावर यजमान म्हणतात, "अल्बमचें मागाहून पाहूं, तूर्त डेटा तेवढा देऊन ठेवा." मग बोटाच्या पेराएवढ्या एका पेन-ड्राइव्हमध्यें सारें लग्न भरून तो त्यांच्या स्वाधीन करतो, आणि त्याचा त्या घराशीं असलेला संबंध तेथेंच संपतो. कागदावर छापलेलें चित्र ही जी वस्तु विकून या धंद्यानें पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलें, ती आज कोणी आपण होऊन मागत नाहीं.

आमचेंहि असें एक लहानसें दुकान कृष्णाकांठच्या एका तालुक्याच्या गांवीं आहे. वडिलांनीं तें १९६८ सालीं घातलें. एक रंगविलेला पडदा, दोन दिवे, एक लाकडी खुर्ची आणि मागच्या बाजूस काळोखी खोली, एवढ्या भांडवलावर त्यांनीं संसार केला, आणि त्याच दुकानाच्या गल्ल्यावर आज आम्ही बसतों. छापील चित्रांचा खप वाढवावा कसा, हा प्रश्न आमच्यापुढें प्रथम पोटाचा प्रश्न म्हणून उभा राहिला. परंतु गेलीं कांहीं वर्षें त्याचा उलटसुलट विचार करतां करतां तो निव्वळ आमच्या पोटाचा नसून गिऱ्हाइकांच्या घरांचाहि आहे असें दिसूं लागलें. म्हणूनच हा दुकानदारीचा विषय सुज्ञ वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहों.

छायाचित्र म्हटलें कीं त्याच्या प्रती निघावयाच्याच, अशी आपली समजूत असते. परंतु या कलेच्या जन्मकाळीं तसें नव्हतें. १८३९ सालीं पॅरिस येथें डागेर याची पद्धति जाहीर झाली, तेव्हां चित्र उमटे तें चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. तें एकुलतें एक असे; त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडांत टॅलबट यानें कागदावर उलट्या छायाप्रकाशाची प्रतिमा घेऊन तिच्यापासून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची युक्ति शोधिली व १८४१ सालीं तिचें पेटंट घेतलें. प्रतींचा व्यापार या युक्तीनें शक्य झाला. आपल्याकडेहि ही विद्या फार उशीरा आली असें नाहीं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली, आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचे पाठ देण्यास आरंभ झाला.

पण व्यापार शक्य होणें निराळें आणि तो भरभराटीस येणें निराळें. तो भरभराटीस आणिला पॅरिसच्या दिस्देरी नांवाच्या फोटोग्राफरनें. १८५४ सालींच त्यानें एका कांचेवर आठ-दहा लहान प्रतिमा एकदम घेण्याच्या पद्धतीचें पेटंट मिळविलें. ही लहान चित्रें कापून सुमारें अडीच इंच रुंद व चार इंच लांब अशा जाड पत्त्यावर चिकटवीत. भेटीस जातांना द्यावयाच्या नांवाच्या पत्त्याएवढें हें चित्र असल्यामुळें त्यास नांवहि तेंच पडलें. किंमत उतरली आणि मध्यम स्थितीच्या माणसासहि स्वतःची तसबीर परवडूं लागली. खप वाढण्याचें कारण म्हणून बहुतेक लोक या स्वस्ताईकडेच बोट दाखवितात. आमच्या मतें मात्र तितक्याच महत्त्वाचें दुसरें एक कारण आहे, आणि तें म्हणजे खिशांचा अल्बम. हे पत्ते ठेवण्यासाठीं पानोपानीं खिसे केलेले अल्बम निघाले. असा अल्बम एकदां घरांत आला म्हणजे त्यांतील रिकामे खिसे गृहिणीच्या डोळ्यांत सलूं लागत. मावशीचें चित्र हवें, धाकट्या दिरांचें हवें, परगांवच्या मित्राचें मागवून घ्यावयास हवें. आणि तरीहि खिसे उरले तर राजघराण्यांतील माणसें होतींच. मेयॉल या छायाचित्रकारानें १८६० सालीं इंग्लंडच्या राजकुटुंबाचीं अशीं चित्रें प्रसिद्ध केलीं, तीं हजारोंनीं खपलीं.

दिस्देरीची अखेर मात्र सुखाची झाली नाहीं. जी स्वस्त युक्ति त्यानें काढली ती पाहतां पाहतां दुसऱ्यांनींहि उचलली. आणि ज्यानें एके काळीं पॅरिसमध्यें वैभव भोगलें तो १८८९ सालीं दारिद्र्यांत वारला. किंमत उतरवून गिऱ्हाईक येतें, परंतु त्याच किंमतीस शेजारचा दुकानदार उभा राहिला म्हणजे तें तिकडे जातें. रिकामा खिसा मात्र गिऱ्हाइकाच्या घरांत राहतो, व तो भरावा असें गिऱ्हाइकास आपण होऊन वाटतें.

दिस्देरी वारला त्याच्या आदल्याच वर्षीं, १८८८ सालीं, अमेरिकेंत ईस्टमन यानें पहिला कोडॅक कॅमेरा विक्रीस काढला. त्याची किंमत पंचवीस डॉलर असून आंत शंभर चित्रांची फीत भरलेली असे. शंभर चित्रें घेऊन झालीं कीं कॅमेरा तसाच रॉचेस्टर गांवच्या कारखान्यांत पाठवावयाचा. दहा डॉलर घेऊन कारखाना चित्रें धुऊन, छापून देई व कॅमेऱ्यांत नवी फीत भरून तो परत पाठवी. यांतली मख्खी अशी कीं, छपाई ही निराळी मागावयाची वस्तु ठेवलीच नव्हती. चित्र घेणें आणि तें कागदावर हातांत पडणें हा एकच व्यवहार होता. पुढें आपल्याकडे छत्तीस चित्रांचा रोल घराघरांत आला, कलर लॅबच्या पाट्या बाजारपेठेंत लागल्या, तरी ही गांठ सुटली नाहीं. रोल धुवावयास टाकला म्हणजे चार बाय सहा इंचांचे छत्तीस फोटो पाकिटांत यावयाचेच. कारण छापल्यावांचून चित्र दिसावयाचें तरी कसें?

या एका प्रश्नांत आमच्या धंद्याचा सारा उत्कर्ष आणि सारा अपकर्ष सांठविलेला आहे. लोक दीडशें वर्षें कागदाचे पैसे देत आले ते कागदासाठीं नव्हेत, पाहण्यासाठीं. टिपलेलें चित्र पाहण्याचा दुसरा मार्गच नव्हता. तो मार्ग आधीं संगणकाच्या आणि मग खिशांतल्या फोनच्या रूपानें निघाला, आणि पाहणें फुकट झालें. ज्या कंपनीचें नांव चित्रणाला जवळजवळ प्रतिशब्द झालें होतें, त्या कोडॅकला २०१२ च्या जानेवारींत दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय मागावा लागला. तेव्हां "पूर्वीं लोक घेत, आतां कां घेत नाहींत?" असें विचारीत बसण्यांत अर्थ नाहीं. आतां चित्र छापून घ्यावयाचें तर त्यास पाहण्याहून निराळें असें कांहीं कारण हवें. तें कारण ज्या दुकानदारास सांपडेल त्याचा खप वाढेल. ज्याला सांपडणार नाहीं त्यानें कितीहि सूट जाहीर केली तरी उपयोग व्हावयाचा नाहीं.

हें कारण शोधण्यासाठीं आम्हांस फार लांब जावें लागलें नाहीं. दुकानाच्या पायरीवर कोण चढतें तें पाहत राहिलों. सरकारी अर्जांसाठीं लागणारे पासपोर्ट आकाराचे फोटो सोडून द्या. चौकांतल्या फ्लेक्सचाहि विचार नको. चौरस फुटांच्या मापानें मोजलें तर आज आपल्या गांवांत सर्वांत अधिक छापले जाणारे चेहरे वाढदिवस असलेल्या पुढाऱ्यांचेच निघतील! यांखेरीज छापील चित्र मागावयास आपल्या पायांनीं येणारें गिऱ्हाईक एकच, आणि तें म्हणजे ज्याच्या घरीं माणूस गेलें आहे तें. मुलगा किंवा जांवई येतो, पायांत चपला कशातरी अडकविलेल्या असतात, आणि फोन पुढें करून म्हणतो, "यांतला एखादा मोठा करून द्या. तेराव्याला पाहिजे." फोनमध्यें चित्रें शेंकडोंनीं असतात. कशांत हातांत पंगतीचें ताट असतें, कशांत डोळे मिटलेले, कशांत अर्धा चेहरा नातवाच्या डोक्याआड गेलेला. जन्मभरांत निवांतपणें, एकट्यानें, नीट बसून घेतलेलें चित्र नसतेंच. आणि असलें तर तें आधार कार्डावरचें!

अशीच एकदां एक बाई आली. तिचे वडील गेले होते. घरांत कॅमेरा चालविण्याची हौस त्यांनाच, त्यामुळें सहली, मुंजी, दिवाळी अशीं सारीं चित्रें त्यांनींच टिपलेलीं आणि स्वतः ते एकांतहि नाहींत. अखेर कोणाच्या तरी लग्नांतलें एक चित्र तिनें नातेवाइकांकडून मिळविलें होतें. तींत वडील कडेला उभे, मान किंचित् वळविलेली, कोणास तरी पाण्याचा पेला देत होते. तेवढा चेहरा कापून भिंतीवर लावण्याजोगा मोठा करून द्या, असें तिचें म्हणणें.

येथें धंद्याचें थोडें गणित सांगणें प्राप्त आहे. जवळून पाहण्याचें छापील चित्र नीटस दिसावयास इंचामागें सुमारें तीनशें ठिपके लागतात. म्हणजे आठ बाय बारा इंचांच्या चित्रास एका बाजूस २४०० व दुसऱ्या बाजूस ३६०० ठिपके हवेत. फोनवरून फोनवर जातां जातां बारीक झालेल्या चित्राची लांब बाजू पुष्कळदां १६०० ठिपक्यांचीच उरते. तें सबंध छापलें तरी पांच इंचांहून थोडेंसेंच मोठें होतें. या बाईंच्या वडिलांचा चेहरा तर त्या चित्रांत तीनशें ठिपक्यांचाहि नव्हता. तो प्रामाणिकपणें छापावयाचा तर एक इंच व्हावयाचा. अशा वेळीं धंद्यांत दोन तोडगे आहेत. एक जुना, म्हणजे तयार कोट-टाय घातलेल्या धडावर डोकें बसवून देणें. दुसरा नवा, म्हणजे संगणकाकडून चेहरा "सुधारून" घेणें. हा नवा तोडगा मोठा मोहक आहे. अंधुक चेहरा क्षणांत लख्ख होतो, पापण्यांचे केंस मोजून घ्यावेत! परंतु ते केंस मूळ चित्रांत नसतात. यंत्रानें हजारों परक्या चेहऱ्यांवरून अंदाजानें ते काढलेले असतात. चेहरा स्पष्ट होतो, आणि तो वडिलांचा राहत नाहीं.

आम्हीं त्या बाईंस दोन्ही करून दाखविलें. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे कोणी निराळेच गृहस्थ दिसतात हो." तेव्हां आम्हीं सुचविलें, "ताई, चेहरा कापूंच नका. पाण्याचा पेला देत आहेत तसेच सबंध राहूं द्या. पोस्टकार्डाएवढेंच छापूं, भोंवतीं पांढरा कागद रुंद सोडूं आणि चौकट मोठी करूं." तिनें तें मान्य केलें. मोठ्या चित्राचे जेवढे पैसे झाले असते त्याहून तिचें बिल कमीच झालें. परंतु पुढल्या दिवाळींत ती आईला घेऊन आपण होऊन आली. "आईचा आतांच काढून ठेवा, बसवून, नीट," एवढेंच ती म्हणाली. त्या दिवशीं आमच्या दुकानांत जें चित्र छापलें गेलें, तें छापून घेण्याचें कारण पाहणें हें नव्हतें. फोनमध्यें तर तें होतेंच. माणूस घरांत आहे तोंवर त्याला घरांत जागा द्यावी, हें तें कारण.

एवढें उमगल्यावर पुढच्या गोष्टी फारशा अवघड राहिल्या नाहींत. आम्हीं काय काय केलें तें थोडक्यांत सांगतों, कारण धंद्यांतल्या कोणास त्याचा उपयोग व्हावा.

पहिली गोष्ट अशी कीं, चित्रें निवडण्याचें काम आम्हीं गिऱ्हाइकावर सोडणें बंद केलें. लग्नाचा अल्बम रखडतो तो पैशांसाठीं नव्हे, निवडीसाठीं. अडीच हजार चित्रांतून दीडशें निवडून द्या असें सांगितलें म्हणजे नवरा-नवरी दोन रविवार बसतात, तिसऱ्या रविवारीं कंटाळतात, आणि निवड होते तोंवर त्यांच्या मुलाच्या बारशाची तारीख ठरलेली असते! आतां पहिली निवड आम्हीच करतों, आणि मंडळींना दुकानांत बोलावून तासाभरांत ती कायम करून घेतों. त्यांस आवडत नसेल तें तीं काढतात, हवें असेल तें घालतात; परंतु कोऱ्या पाटीपुढें बसण्याची पाळी त्यांच्यावर येत नाहीं. निवडणें ही खरोखर फोटोग्राफरचीच विद्या आहे. टिपणें आतां सर्वांना येतें.

दुसरी गोष्ट आकाराची. बारा बाय अठरा इंच म्हणजे केवढें, हें सांगून कोणास कळत नाहीं. फोनवर तें आणि पोस्टकार्ड दोन्ही सारखींच दिसतात. म्हणून आम्ही निरनिराळ्या आकारांचे तपकिरी कागद कापून ठेवले आहेत. गिऱ्हाइकानें ते घरीं न्यावे, भिंतीवर चिकटवावे, दोन दिवस येतां-जातां पाहावे. बहुतेक जण परत येतात ते ठरविलेल्याहून एक आकार वाढवून येतात. क्वचित् कोणी कमी करून येतो, आणि तेंहि बरेंच; कारण न शोभणारें मोठें चित्र वर्षभरांत कपाटामागें जातें, आणि तें पाहून दुसरें कोणी चित्र घेत नाहीं.

तिसरी गोष्ट पूर्वतयारीची. काम घेतांनाच आम्ही विचारतों, "हें लावणार कोठें?" दिवाणखान्यांत, आजोबांच्या खाटेसमोर, कीं परगांवच्या मुलीकडे पाठवावयाचें? जागा ठरली म्हणजे चित्र उभें कीं आडवें, माणसें किती, तेंहि ठरतें. आणि ज्या जागेचा उच्चार झाला ती गिऱ्हाइकाच्या मनांत रिकामी राहते. दिस्देरीच्या अल्बमांतल्या खिशाचें काम ही जागा करते.

चौथी गोष्ट लहान, पण आमच्या मतें फार मोलाची. प्रत्येक चित्राच्या मागें मऊ शिसपेन्सिलीनें नांवें, गांव आणि साल आम्ही लिहून देतों. मंडळींना विचारून लिहावें लागत असल्यानें त्यांत वेळ जातो. पण "ही डाव्या हाताची कोण?" असें विचारलें कीं दुकानांत बसल्या बसल्या घरांतलीं वडील माणसें बोलूं लागतात, आणि एकीच्या जागीं तीन प्रती लागतात, कारण डाव्या हाताच्या आत्याबाई अजून आहेत व त्यांनाहि एक पाठविली पाहिजे असें कोणास तरी आठवतें.

आणि एक गोष्ट आम्हीं मुद्दाम केली नाहीं. अल्बम घेतल्यावांचून डेटा द्यावयाचा नाहीं, अशी अडवणूक कांहीं ठिकाणीं चालते. तीनें चार अल्बम जास्त जातीलहि. परंतु चित्र ज्यांचें आहे त्यांस तें ओलीस ठेवून विकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ठरलेल्या पैशांत डेटा सर्वांना मिळतो. त्यानंतरहि ज्यास कागद हवासा वाटेल तोच आमचा खरा ग्राहक.

गंमत अशी कीं, कागदाची ओढ आमच्या पिढीबरोबर संपेल ही समजूत तरुण मंडळींनींच खोटी ठरविली आहे. फुजी कंपनीचा इन्स्टॅक्स नांवाचा कॅमेरा १९९८ पासून निघतो. त्यांतून घेतलेलें चित्र जागच्या जागीं छापून बाहेर पडतें. कॉलेजांतल्या मुली त्याच्या फिल्मा घ्यावयास येतात. महाग पडतात म्हणून कुरकुरतात, आणि घेऊन जातात. त्यांतला लहान पत्ता ५४ मिलिमीटर रुंद व ८६ मिलिमीटर लांब असतो, म्हणजे दिस्देरीच्या पत्त्याहून थोडासाच लहान! आणि त्याची दुसरी प्रत निघत नाहीं, म्हणजे तो डागेरच्या पत्र्याचाहि वारस. हजारों चित्रें फुकट असतां या मुली एका न बदलणाऱ्या, न पुसणाऱ्या चित्राचे पैसे देतात, आणि तें मैत्रिणीला देऊन टाकतात. जें देतां येतें तें त्यांना हवें असतें.

आमच्या या खटाटोपावर आक्षेप घेणारेहि आहेत. एक निवृत्त शिक्षक दुकानांत पेपर वाचावयास येतात. ते एकदां म्हणाले, "तुम्ही माणसांच्या हळवेपणाचा व्यापार करतां." आम्ही म्हणालों, "गुरुजी, हार विकणाराहि तोच करतो, आणि पेढे विकणाराहि." ते म्हणाले, "पेढा खाल्ला कीं संपला. तुम्ही म्हातारपणाची आणि मरणाची आठवण करून देऊन चौकट गळ्यांत मारतां. शिवाय तुमचा कागद तरी कोठें अमर आहे? आमच्याकडे आजोबांचा फोटो कांचेला चिकटून बसला आहे. नाक आणि अर्धी मिशी कांचेवर, बाकीचे आजोबा कागदावर!"

पहिल्या आक्षेपाला आमच्यापाशीं निर्णायक उत्तर नाहीं. मरणाचें नांव काढून चित्र विकणें हें हीन खरें, आणि तें नांव आम्ही दुकानांत काढीत नाहीं. पण आमच्या मनांत तें असतें हें गुरुजींनीं बरोबर ओळखलें. दुसरा आक्षेप मात्र निव्वळ खरा आहे. कांच चित्रास टेकली कीं पावसाळ्यांतल्या ओलीनें कागदावरचा जिलेटिनाचा थर मऊ होऊन तिला चिकटतो. म्हणून आम्ही दोहोंमध्यें जाड पुठ्ठ्याची किनार घालून पोकळी ठेवतों, व चौकट बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावूं नका असें बजावतों. तरीहि कसर आहे, बुरशी आहे, ऊन आहे. आणि मागें घरटें करणारी चिमणीहि आहे.

त्यांत २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत पाणी छपरास लागलें. तें ओसरल्यावर लोकांनीं अंगणांत काय वाळत घातलें होतें? गाद्या, धान्य, वह्या आणि अल्बम. चिखलानें माखलेले अल्बम घेऊन माणसें आमच्याकडे येऊं लागलीं. ज्यांनीं ते उन्हांत सबंध वाळविले होते त्यांचीं पानें एकमेकांस अशीं चिकटलीं कीं सोडविणें अशक्य झालें. ज्यांचे अजून ओले होते त्यांस आम्हीं सांगितलें कीं, वाळवूं नका. स्वच्छ गार पाण्यांत ठेवा, एकेक चित्र हलक्या हातानें सुटें करा, चित्राच्या अंगास बोट लावूं नका, आणि फडक्यावर सुलटें पसरून सावलींत वाळवा. अशानें पुष्कळ चित्रें वांचलीं. जीं गेलीं त्यांपैकीं ज्यांची फिल्म किंवा डेटा आमच्याकडे अथवा परगांवच्या नातेवाइकांकडे होता, तीं पुन्हां छापतां आलीं. आणि ज्यांचा फोन, संगणक व पेन-ड्राइव्ह हे तिन्ही पुरांत गेले, त्यांना पुण्या-मुंबईच्या बहिणीच्या भिंतीवरील छापील चित्रावरून नवी प्रत करून देतां आली. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां चढलें, तेव्हां घर सोडतांना कांहींजणांनीं अल्बम आधीं हलविले असें त्यांनींच आम्हांस सांगितलें.

त्या दिवसांपासून कागद श्रेष्ठ कीं डेटा श्रेष्ठ, हा वाद आम्हीं सोडून दिला. दोघेहि नाशवंत आहेत, परंतु दोघांचा नाश एका कारणानें होत नाहीं. म्हणून एकानें दुसऱ्यास जामीन राहावें, आणि दोन्ही एका घरांत राहूं नयेत, एवढेंच आम्ही गिऱ्हाइकास सांगतों. दुसऱ्या घरासाठीं आणखी एक प्रत लागते, आणि खप वाढतो, हें निराळें सांगावयास नकोच.

वाचकांना करावयाची सूचना साधी आहे. दर दिवाळीच्या आधीं घरच्या मंडळींनीं एक संध्याकाळ एकत्र बसावें आणि सरत्या वर्षाचीं बारा चित्रें निवडावीं, अधिक नकोत. त्यांत जो नेहमीं कॅमेऱ्याच्या मागें असतो त्याचें एक तरी असावें, आणि घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाचें, निवांत बसवून घेतलेलें, एक असावें. तीं छापून घ्यावीं, मागें नांवें व साल लिहावें, आणि दोन संच करून एक दुसऱ्या गांवीं ठेवावा. एवढ्याचा खर्च सणाच्या फराळाहून पुष्कळच कमी येतो. या सूचनेंत आमचा स्वार्थ आहे हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. ज्यांस तो खपत नसेल त्यांनीं चित्रें दुसऱ्या कोणत्याहि दुकानीं छापावीं, आमची हरकत नाहीं. मात्र नांवें लिहावयास विसरूं नये.